बीटवाल्यांच्या मुलखातली निवडणूक आणि आपण

गळीत हंगाम ऐन भरात असला म्हणजे उतारा, तोडणी आणि वाहतूक यांपलीकडे आमच्या सभासदांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. धुराडे थंडावले की दुसरा विषय आपोआप निघतो, आणि तो म्हणजे निवडणूक. सोसायटीची असो, पंचायत समितीची असो की कारखान्याची असो. पारावर चार माणसे बसली की त्यांच्यात पाच पॅनेल तयार होतात. म्हणून आज आम्ही निवडणुकीवरच लिहिणार आहोत. मात्र आपल्याकडच्या नव्हे, इंग्लंडातल्या एका शेतकरी मुलखातल्या. कुणी म्हणेल, "आमच्या उसाला पाणी नाही अन् हे विलायतेच्या गोष्टी सांगत बसलेत!" तरी थोडे थांबावे, ही विनंती. गोष्ट उपयोगाची आहे आणि शेवटी ती आपल्या उंबऱ्याशीच येऊन थांबते.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिच्या पोटात डिस्ट्रिक्ट असतात. नाव डिस्ट्रिक्ट असले तरी मानाने तो आपला तालुका. त्याखाली पॅरिश, म्हणजे आपली ग्रामपंचायत. १९७२ च्या कायद्याने ही घडी बसवली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती अमलात आली. त्यातलाच एक तालुका मिड सफोक. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती १ लाख २ हजारांच्या वर. स्टोमार्केट, नीडम मार्केट, आय ही लहान लहान बाजारगावे आणि बाकी सगळी खेडी. शेतात गहू, बार्ली आणि साखरेचे बीट. स्टोमार्केटपासून वीसपंचवीस किलोमीटरवर, शेजारच्या तालुक्यात, बरी सेंट एडमंड्स येथे बीटापासून साखर करणारा मोठा कारखाना १९२५ पासून उभा आहे. आपल्याकडे उसाच्या मोळ्या गव्हाणीत पडतात, तिकडे बीटाच्या चकत्या गरम पाण्यात सोडून साखर काढतात. रस काढून उरलेला चोथा जनावरांच्या पोटात जातो.

पण एक फरक आपल्या सभासदाने मुद्दाम ध्यानी धरावा. तो कारखाना शेतकऱ्यांचा नाही, कंपनीचा आहे. बीटवाला शेतकरी तिथे माल घालणारा आहे, मालक नाही. बीटाचा भाव त्याची संघटना कंपनीशी बोलणी करून ठरवते. भागधारक म्हणून उभे राहून "अध्यक्षसाहेब, हा खर्च कशाचा?" असे विचारण्याची जागा त्याला नाही. त्याचे मत चालते ते कौन्सिलात. म्हणून त्या कौन्सिलाची निवडणूक आम्ही आज निवडली.

ह्या कौन्सिलाच्या हाती असते तरी काय? घरबांधणीचे परवाने, गरजूंसाठी घरे, कचरा उचलणे, पोहण्याचे तलाव आणि खेळघरे, खाद्यपदार्थांच्या दुकानांची तपासणी आणि घरपट्टीची वसुली. शाळा, मोठे रस्ते, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल ही कामे काउंटीची. वसुली तालुक्याची, पण वसूल झालेल्या पट्टीतला मोठा वाटा काउंटी नेते. तालुक्याच्या वाट्याला थोडकाच भाग राहतो. म्हणजे हंडा वाहायचा एकाने आणि पाणी प्यायचे दुसऱ्याने. तरीही खेड्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबणारा प्रश्न ह्याच कौन्सिलात सुटतो: माझ्या गावाशेजारच्या वावरात चारशे घरे उठणार की नाही, आणि उठणार असतील तर दवाखाना, शाळा, रस्ता आधी की घरे आधी?

आता निवडणूक कशी होते तेही पाहू. मे महिन्यातला पहिला गुरुवार. सकाळी ७ ते रात्री १० मतदान. गावच्या सभागृहात, शाळेत, कुठे चर्चमध्ये पेट्या ठेवलेल्या. कागदाची मतपत्रिका, दोरीला बांधलेली शिसपेन्सिल आणि फुली. ज्याला जास्त मते तो निवडून आला. अनामत रक्कम नाही. खर्चाला मात्र मर्यादा आहे, आणि ती ऐकून आपल्याकडचे कार्यकर्ते हसतील. २०२३ साली एका उमेदवाराला ८०६ पौंड आणि वर प्रत्येक मतदारामागे ७ पेन्स एवढीच मुभा होती. दोनअडीच हजार मतदारांच्या वॉर्डात हा हिशेब हजार पौंडांच्या आतच बसतो, म्हणजे आपल्या पैशात साधारण लाखभर रुपये. मतासाठी कुणाला खाऊपिऊ घालणे हा तिथे गुन्हा आहे. १९८३ च्या कायद्यात त्याचे वेगळे कलमच आहे. आपल्याकडे निवडणुकीच्या महिन्यात धाब्यावर जागा मिळत नाही, त्याची इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. असो.

मूळ गोष्टीकडे येऊ. ह्या मिड सफोकात हुजूर पक्षाचे वजन मोठे. २०१५ च्या निवडणुकीत ४० जागांपैकी २९ हुजूर पक्षाला मिळाल्या. ग्रीन पक्षाला, म्हणजे झाडे, हवा, पाणी यांचे राजकारण करणाऱ्या पक्षाला, मिळाल्या ५. चाळिसांत पाच! आपल्याकडे अशा पाचांना लोक काय म्हणाले असते, ते सांगायला नको. "कशाला डोकं फोडून घेता? तिकडं जाऊन बसा, दोन कामं तरी होतील." पण ते पाच जण तिकडे जाऊन बसले नाहीत. २०१९ ला सभागृह ३४ जागांचे झाले. हुजूर पक्ष १६ वर आला, ग्रीन १२ वर गेले, लिबरल डेमोक्रॅट ५ आणि एक अपक्ष. स्पष्ट बहुमत गेले, तरी कारभार हुजूर पक्षाकडेच राहिला. मग ४ मे २०२३ उजाडला. ग्रीन २४, हुजूर ६, लिबरल डेमोक्रॅट ४. ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलात ग्रीन पक्षाला निर्भेळ बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. तीही लंडनच्या शिकल्यासवरल्या पेठेत नव्हे, ट्रॅक्टर आणि बीटाच्या गाड्या फिरणाऱ्या खेड्यापाड्यांत.

हे घडले कसे? हुजूर पक्षावर देशभरच लोक त्या वर्षी नाराज होते, हे खरेच. वाहत्या वाऱ्याचा फायदा सर्वांना मिळतो. पण वारा वाहतो तेव्हा ज्याने आधी शीड बांधून ठेवले आहे त्याचेच गलबत पुढे जाते. ग्रीन पक्षाची रीत अशी, की साऱ्या तालुक्यावर एकदम हात मारायचा नाही. एक वॉर्ड धरायचा. निवडणूक असो वा नसो, वर्षभर दारोदार जायचे, काय अडले ते विचारायचे, घरोघर पत्रक टाकून त्या कामाचे पुढे काय झाले ते कळवायचे. एक वॉर्ड पक्का झाला की शेजारचा धरायचा. बांध घालून वाफ्यामागून वाफा भिजवावा तशी ही रीत आहे. पाट फोडून सगळ्या रानात एकदम पाणी सोडले तर काय होते, ते आपण जाणतोच.

दुसरे कारण सभागृहातले. अल्पमतातल्या माणसाचे काम ठरावाला विरोध म्हणून हात वर करण्याने संपत नाही, कागद वाचण्यापासून ते सुरू होते. इंग्लंडात कौन्सिलाच्या सभेचा विषय आणि त्यावरचे अहवाल सभेच्या पाच दिवस आधी लोकांना पाहायला ठेवावे लागतात. सभेला कुणीही जाऊन बसू शकतो. वर्षातून एकदा ३० कामकाजाचे दिवस असे असतात, की त्या भागातल्या मतदाराला हिशेबाची वहीखाती आणि बिले पाहता येतात, लेखापरीक्षकाला प्रश्न करता येतो. आणि विचारण्याजोगे तिथे पुष्कळ होते. मिड सफोक आणि शेजारचे बेबर ह्या दोन कौन्सिलांनी आपल्या मालकीच्या कंपनीमार्फत मिळून सुमारे १० कोटी पौंड दुकाने, गोदामे, कार्यालये अशा मिळकतींत गुंतवले होते, आणि तो पैसा कर्जाऊ होता. भाडे येईल, कौन्सिलाचे उत्पन्न वाढेल, हा हेतू. हेतू वाईट नव्हे. पण लोकांच्या नावावर काढलेल्या कर्जाचा धोका किती, हे कुणीतरी उभे राहून विचारायला नको काय? २०१७ मध्ये कौन्सिलाची कचेरीसुद्धा नीडम मार्केटहून उठून इप्सविच शहरात काउंटीच्या इमारतीत गेली. काटकसर झाली हे कबूल. पण इप्सविच हे मिड सफोकात येतच नाही. तालुक्याची कचेरी तालुक्याबाहेर! खेड्यातल्या माणसाला "हे आपलं राहिलं नाही" असे वाटले असेल, तर त्यात नवल ते काय?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की आम्ही त्या पक्षाचे ढोल वाजवतो आहोत. तसे मुळीच नाही. त्यांची धोरणे आपल्या शेतकऱ्याला पटतील असेही नाही आणि पटावीत असा आमचा आग्रहही नाही. शिवाय निवडून आल्यावर त्यांनाही कळलेच असणार, की खुर्ची मिळाली म्हणून सारी सत्ता मिळत नाही. घरे किती बांधायची याचे आकडे लंडनहून येतात. घरपट्टी सुमारे ३ टक्क्यांच्या वर न्यायची तर लोकांचा कौल घ्यावा लागतो. बीटाच्या भावात तर कौन्सिलाला बोलायलाही जागा नाही. आणि २४ जागा म्हणजे शंभरात सत्तर. तेवढी मते त्यांना मिळाली होती असे नव्हे. जास्त मते तो विजयी, या पद्धतीत जागांचे पारडे नेहमीच मतांपेक्षा जड होते. मतदानाचे म्हणाल तर इंग्लंडात स्थानिक निवडणुकीला साधारण तीन मतदारांतला एकच घराबाहेर पडतो. या एका बाबतीत आपला गडी त्यांच्या चार पावले पुढे आहे. आपल्याकडे म्हातारीलाही खुर्चीवर बसवून मतदानाला नेतात. तेव्हा त्यांचे सगळे सोने आणि आपले सगळे पितळ, असे समजण्याचे कारण नाही.

उलट त्यांच्याकडची एक गोष्ट आपल्याला फार ओळखीची वाटेल. २०१९ साली इंग्लंडभर ज्या जागांसाठी निवडणुका होत्या, त्यांपैकी दीडशेच्या आसपास जागांवर मतदानच झाले नाही. जेवढ्या जागा तेवढेच उमेदवार, बिनविरोध! ह्यांत खेड्यांचा भरणा मोठा. तिकडच्या विचारी लोकांनी यावर हळहळ व्यक्त केली, की इतक्या मतदारांचा हक्क मतपेटी उघडण्याआधीच बुडाला. आणि आपण? आपण बिनविरोध झाले की गुलाल उधळतो, हार घालतो, वर्तमानपत्रात फोटो देतो.

इथेच आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. बिनविरोधाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते आम्हालाही ठाऊक आहे. खर्च वाचतो. भावाभावांत, पाहुण्यापाहुण्यांत वैर येत नाही. एका निवडणुकीने उभा राहिलेला बांधावरचा तंटा दहा दहा वर्षे मिटत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गावाने बसून, सर्वांना विचारून, चांगली माणसे एकमताने निवडली तर त्याहून उत्तम काय? पण सर्वांना विचारून, हा शब्द महत्त्वाचा. रात्री दहा वाजता कुणाच्या तरी माडीवर यादी ठरते, सकाळी अर्ज मागे घ्यायला गाडी येते आणि दुपारी "सभासदांनी एकमुखाने विश्वास दाखवला" असे जाहीर होते. यात सभासदाचे मुख कुठे उघडले? त्याला तर कळतेही उद्याच्या पेपरात.

सहकाराचे सारे बळ एका साध्या नियमात आहे: एक सभासद, एक मत. ज्याचा एक भाग आहे त्यालाही एक मत आणि ज्याचे दहा आहेत त्यालाही एकच. हा नियम आपण जन्माला घातलेला नाही; १८४४ साली इंग्लंडातल्याच रॉचडेल गावच्या गरीब विणकरांनी जे दुकान काढले, त्यातून तो जगभर पसरला. बरी सेंट एडमंड्सच्या धुराड्याखाली बीट घालणाऱ्या शेतकऱ्याला हे मत नाही. आपल्याला आहे. त्याच्या कारखान्याचे मालक त्याला ठाऊक असतील, पण बदलता येत नाहीत, आपल्याला येतात. जे त्याला मागूनही मिळायचे नाही, ते आपण न वापरता पेटीत बंद करून ठेवावे काय?

आम्ही कुणाविरुद्ध पॅनेल उभे करा असे सांगत नाही. हे पत्रक कारखान्याचे आहे आणि संचालक मंडळ आपणच निवडलेले आहे. आम्ही एवढेच सांगतो, की चाळिसांत पाच असले तरी ते पाच उपयोगाचे असतात. ते कागद वाचतात म्हणून बाकीचे पस्तीसही कागद वाचूनच सभेला येतात. प्रश्न विचारणारा शेजारी असला की हिशेब नीट ठेवण्याची सवय लागते. चांगल्या कारभाऱ्याला प्रश्नाची भीती नसते. त्याला उलट आपले काम सांगायला संधी मिळते. आणि जो हरला त्याने पाच वर्षे घरात जाऊन झोपू नये. मिड सफोकातल्या विजयाचे खरे मर्म हेच, की हरलेली माणसे दुसऱ्या दिवशीही त्याच दारावर गेली. आपल्याकडे हरलेला उमेदवार निकालानंतर दिसतो तो एकदम पुढच्या निवडणुकीला, हात जोडून. मग मतदाराने तरी त्याला का ओळखावे?

आता गोष्टीचा शेवट सांगतो. तो गोड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सरकारने, म्हणजे मजूर पक्षाच्या सरकारने, जाहीर केले, की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना मोडून एकच मोठे कौन्सिल करायचे. सफोकचा नंबर पहिल्या काहींत लागला आणि तिथल्या काउंटीची मे २०२५ ची निवडणूक पुढे ढकलली गेली. काउंटीचे म्हणणे पडले, साऱ्या सफोकचे एकच कौन्सिल करा. डिस्ट्रिक्टांचे म्हणणे, तीन करा. दोन्हींत मिड सफोकचे कौन्सिल म्हणून काही उरत नाही. यावर सूचना मागवल्या, पण मतपेटी ठेवली नाही. गंमत अशी, की २०११ मध्ये मिड सफोक आणि बेबर ही दोन कौन्सिले एक करावीत काय, असा प्रश्न निघाला तेव्हा लोकांचा रीतसर कौल घेतला होता. मिड सफोकने होय म्हटले, बेबरने नाही म्हटले, आणि एका नाहीवर बेत बारगळला. तेव्हा लोकांना विचारले. आता वरून ठरले. आठ वर्षे घाम गाळून जे घर मिळवले, त्या घराचीच वासे-कौले उतरवण्याचा हुकूम.

आपल्यालाही हे नवे नाही. २०२२ पासून आपल्या राज्यात अनेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. निवडणुका घ्या, असे शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्या काळात गावच्या माणसाने आपले गाऱ्हाणे सांगायचे कुणाला? साहेबाची बदली होते, साहेब मते मागायला येत नाही. लोकांनी निवडलेला माणूस वाईट असला तरी त्याला दारात धरून जाब विचारता येतो. निवडणूक गेली की तो दरवाजाच बंद होतो. आणि ज्या लोकांनी आपण होऊनच मत वापरायचे सोडले, त्यांची निवडणूक वरच्याने ढकलली काय आणि रद्द केली काय, ओरडायला उठणार कोण?

म्हणून सभासद बंधु-भगिनींना आमचे हात जोडून सांगणे आहे. वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो तो शेंगा बांधायला वापरू नका. पोराला, सुनेला जवळ बसवून ताळेबंद वाचून घ्या. एकच प्रश्न लिहून आणा आणि उभे राहून विचारा. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, ते आजच पाहा. बयोचे, माईचे नाव भागावर असेल तर सभेला तिलाही घेऊन या. मत तिचे आहे. आणि पुढल्या खेपेला कुणी बिनविरोधाचा पेढा पुढे केला, तर तो अवश्य खा, पण खाण्याआधी एवढे विचारा: "हे ठरलं कधी, कुणाच्या घरी, आणि आम्हाला विचारलं कुणी?"

उत्तर समाधानकारक मिळाले, तर पेढा गोड लागेलच.